घुणाक्षरांचा बाजार

संस्कृतातल्या लौकिक न्यायांमध्ये घुणाक्षर न्याय नावाचा एक न्याय आहे. लाकूड पोखरणारा घुण पोटासाठी तुळई कोरत जातो आणि कोरता कोरता एखाद्या ठिकाणी हुबेहूब अक्षरासारखी रेघ उमटते. किड्याला लिपी ठाऊक नसते. अक्षर दिसते ते पाहणाऱ्याला, कारण त्याला वाचता येत असते. नकळत साधलेल्या गोष्टीसाठी हा न्याय सांगितला जातो. त्यातला एक भाग मात्र सहसा बोलला जात नाही. तुळईवर भोके जितकी अधिक, तितकी अक्षरे अधिक सापडणार. आणि पाहणारा चिकाटीचा असेल, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून कंदील धरून पाहणारा असेल, तर अक्षरेच काय, त्याला वाक्येही सापडतील.

शेअर बाजारातल्या भावांच्या इतिहासावर गेल्या पन्नास वर्षांत असे असंख्य कंदील धरले गेले. त्यांतल्या शिस्तशीर वाचनाला ‘फॅक्टर गुंतवणूक’ म्हणतात. फॅक्टर म्हणजे शेअरचा मोजता येणारा असा एक गुण की ज्यानुसार क्रमवारी लावली, तर वरच्या गटाचा परतावा दीर्घकाळात खालच्या गटाहून सरस ठरतो, असा दावा असतो. उदाहरणार्थ, मिळकतीच्या मानाने स्वस्त भाव, कंपनीचा लहान आकार, नफ्याचा दर्जा, भावातले कमी चढउतार, किंवा मोमेंटम, म्हणजे अलीकडे वर गेलेला शेअर आणखी काही काळ वर जात राहण्याची प्रवृत्ती. दावा एका ओळीत मावतो. तो पोर्टफोलिओत उतरवायचा म्हटला की प्रश्नांची रांग लागते. ‘अलीकडे’ म्हणजे किती महिने? शेवटचा महिना धरायचा की वगळायचा? वरचे तीस शेअर घ्यायचे की पन्नास? फेरबदल दरमहा की सहा महिन्यांनी? पैसे सर्वांत सारखे वाटायचे की बाजारमूल्याच्या प्रमाणात? हे पाच पॅरामीटर झाले. प्रत्येकाला दहा पर्याय धरले, तर एकाच कल्पनेची एक लाख रूपे तयार होतात. त्यांतले एक निवडायचे आहे. इतिहासात ज्याने सर्वांत जास्त कमावले असते ते निवडावे, हे उत्तर इतके सहज सुचते की त्यात काही खोट असेल अशी शंकाही येत नाही.

ही खोट भौतिकशास्त्रज्ञांना आधी कळली होती. 1953 साली फ्रीमन डायसन आपली आकडेमोड घेऊन शिकागोला एन्रिको फर्मीकडे गेले. त्यांचे गणित फर्मींच्या प्रयोगातल्या मोजमापांशी छान जुळत होते. फर्मींनी विचारले, यात मनाने ठरवलेले पॅरामीटर किती? चार, असे उत्तर आल्यावर फर्मींनी जॉन फॉन नॉयमन यांचा एक शेरा ऐकवला. चार पॅरामीटर हातात असले तर हत्तीचे चित्र बसवून दाखवता येते, आणि पाचवा मिळाला तर त्याची सोंडही हलवता येते, असा त्याचा आशय. डायसन यांनी ती दिशाच सोडून दिली आणि 2004 साली ‘नेचर’मध्ये ही हकीकत कृतज्ञतेने लिहिली. पुढे 2010 मध्ये काही संशोधकांनी चार संमिश्र संख्या वापरून खरोखरच हत्ती काढून दाखवला.

फर्मींच्या प्रश्नात एक सोय गृहीत होती. शंका आली तर प्रयोग पुन्हा करता येतो. प्रोटॉन उद्याही तसेच वागतात. बाजारात ती सोय नाही. 2008 ची मंदी पुन्हा घडवून पाहता येत नाही. राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार 1994 साली सुरू झाले. दैनंदिन भाव मोजले तर हजारो नोंदी भरतात आणि डेटा मुबलक असल्याचा भास होतो. पण बारा महिन्यांच्या परताव्यावर चालणाऱ्या नियमासाठी एकमेकांवर न चढणारे कालखंड मोजले, तर ते तिसाच्या आसपास भरतात. मोठ्या पडझडी मोजायच्या तर एका हाताची बोटे पुरतात. या तुटपुंज्या साक्षीवर एक लाख रूपांची परीक्षा घ्यायची, आणि पहिल्या आलेल्याला गुणवान म्हणायचे.

पहिला कोणीतरी येणारच. किती गुण मिळवून येईल, याचा अंदाजही आधीच बांधता येतो. जोखमीच्या मानाने मिळालेला जादा परतावा मोजायला शार्प रेशो वापरतात. शेअरांच्या धोरणाला वर्षाला 1 हा रेशो दीर्घकाळ टिकवता आला तर ती मोठी गोष्ट समजली जाते. डेव्हिड बेली, जोनाथन बॉरवाइन, मार्कोस लोपेझ द प्राडो आणि चीजी झू या चौघांनी 2014 साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये दाखवले की पाच वर्षांच्या डेटावर साधारण 45 स्वतंत्र रूपे तपासली, तर एकातही काही दम नसला तरी सर्वोत्तम रूपाचा शार्प रेशो 1 च्या घरात जाण्याची अपेक्षा ठेवावी. हिशोब सोपा आहे. पाच वर्षांत शार्प रेशोच्या मोजमापातली प्रमाण चूक सुमारे 0.45 असते, आणि 45 यादृच्छिक निकालांतला सर्वांत मोठा निकाल सरासरीच्या सव्वादोन प्रमाण विचलनांइतका वर असतो. रूपे हजार केली तर तोच आकडा दीडच्या जवळ पोचतो. म्हणजे ‘या धोरणाचा शार्प रेशो दीड’ हे विधान अपुरे आहे. कितीतून निवडल्यावर दीड, हे कळेपर्यंत त्याला अर्थच नाही.

हाच धडा मराठी वाचकाच्या अगदी जवळ, पुण्यात, वेगळ्याच विषयात गिरवला गेला होता. 2008 साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या, त्या सरमिसळ केल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन विचारले, यातली कोणती कुठल्या गटातली? उत्तरे पाठवणारे 27 ज्योतिषी होते आणि त्यांतल्या सर्वोत्तमाची 24 उत्तरे बरोबर आली. वीसच्या अपेक्षेपुढे चोवीस! त्या एकट्याला गाठून त्याची मुलाखत छापली असती, तर साठ टक्के अचूकतेचा मथळा झाला असता. पण 27 जणांनी चाळीस-चाळीसदा नुसते नाणे उडवले असते, तरी त्यांतल्या सर्वांत नशीबवान माणसाची 26 च्या आसपास उत्तरे बरोबर यायला हवी होती. सर्वोत्तम ज्योतिषी सर्वोत्तम नाणेफेकीपेक्षाही मागे राहिला. या चाचणीची ताकद निकालात जितकी आहे तितकीच रचनेत आहे. प्रश्न आधी ठरला, यशाची कसोटी आधी ठरली, किती जण उतरले हे नोंदले गेले, आणि पत्रिका पाहिल्यावर कोणालाही प्रश्न बदलण्याची मुभा नव्हती.

बाजाराच्या संशोधनात ही मुभा सर्वांना असते आणि बहुतेकांना ती घेतल्याचे जाणवतही नाही. कॅम्पबेल हार्वी, यान ल्यू आणि हेचिंग झू यांनी 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात छापून आलेल्या फॅक्टरांची मोजदाद केली, ती 316 भरली. इतक्या शोधांच्या गर्दीत संख्याशास्त्राची नेहमीची 2 ही पायरी पुरेशी नाही, नव्या फॅक्टरचे टी-मूल्य, म्हणजे निकाल त्याच्या प्रमाण चुकीच्या किती पट आहे तो आकडा, निदान 3 च्या वर हवे, असे त्यांनी सुचवले. छापून न आलेले प्रयत्न किती, हे कोणालाच ठाऊक नाही आणि खरा भाजक तोच आहे. डेव्हिड लाइनवेबर यांनी ही गोष्ट थट्टेने सांगितली होती. बांगलादेशातले लोण्याचे उत्पादन एवढ्या एकाच आकड्याने अमेरिकेच्या एस अँड पी 500 निर्देशांकाच्या चढउताराचा 75 टक्के भाग ‘समजावून’ देता येतो, आणि त्यात अमेरिकेतले चीज व दोन्ही देशांतल्या मेंढ्या मिळवल्या की 99 टक्के. ती थट्टा आहे हे लगेच कळते, कारण लोणी हास्यास्पद आहे. लोण्याच्या जागी ‘सात महिन्यांच्या परताव्याला तेरा आठवड्यांच्या चढउताराने भागून’ असे काही लिहिले की हसू थांबते. गणित तेच असते.

मग पॅरामीटर निवडायचा तरी कसा? एका खऱ्या फॅक्टरचा इतिहास पाहिला तर उत्तर बरेचसे त्यातच मिळते. नरसिंहन जगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी 1993 साली ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये मोमेंटमवरचा निबंध प्रसिद्ध केला. 1965 ते 1989 या काळातले अमेरिकी शेअर त्यांनी मागच्या 3, 6, 9 आणि 12 महिन्यांच्या परताव्यावरून क्रमाने लावले आणि तितक्याच वेगवेगळ्या मुदतींसाठी ते धरून ठेवले. सोळा जोड्या झाल्या; मध्ये एक आठवडा सोडून केलेल्या आणखी सोळा. बत्तीसच्या बत्तीस निकाल त्यांनी एकाच तक्त्यात छापले. सर्व निकाल धन होते आणि एक वगळता सर्व संख्याशास्त्रीय कसोटीला उतरले. सर्वांत जास्त परतावा 12 महिन्यांनी निवडून 3 महिने धरण्याच्या जोडीने दिला होता. तरी त्यांनी सखोल विश्लेषणासाठी 6 आणि 6 ही मधली जोडी घेतली. महिन्याला सुमारे एक टक्का देणारी, चांगली, पण अव्वल नसलेली.

मला या निवडीत फॅक्टर-संशोधनातले बरेचसे शहाणपण दिसते. तो तक्ता एखाद्या सुळक्यासारखा नाही, सह्याद्रीच्या सड्यासारखा आहे. सुळक्यावर उभ्या असलेल्याचे पाऊल हातभर सरकले तर दरी. सड्यावर दहा पावले इकडे-तिकडे झाली तरी उंची तीच. पॅरामीटरला त्याच्या शेजाऱ्यांचा आधार आहे की नाही, ही पहिली कसोटी. सहा महिन्यांऐवजी पाच किंवा सात घेतल्यावर निकाल कोसळत असेल, तर त्या सहामध्ये बाजाराविषयीचे ज्ञान नाही. विशिष्ट तारखांना घडलेल्या विशिष्ट घटनांची ती नोंद आहे. विश्वासाला पात्र आकडा तो, जो बदलला तरी फारसे बिघडत नाही. हे ऐकायला विचित्र वाटते, कारण अचूकतेवर आपली श्रद्धा असते. पण ज्या आकड्यावाचून सारे अडते त्या आकड्याने इतिहासाशी फार जवळीक केलेली असते.

सड्याच्या कडा कुठे आहेत, हेही इथे ठाऊक आहे, आणि ती माहिती वेगळ्या संशोधनातून आली आहे. व्हर्नर द बॉन्ट आणि रिचर्ड थेलर यांनी 1985 साली दाखवले की तीन ते पाच वर्षांच्या काळात उलट घडते, मागे पडलेले शेअर पुढे येतात. जगदीश यांनी 1990 साली दाखवले की एका महिन्याच्या मुदतीतही भाव उलटतात. म्हणजे मोमेंटमचे राज्य या दोन सीमांच्या मध्ये कुठेतरी असणार. बारा महिने घेऊन शेवटचा महिना वगळण्याचा जो प्रघात पडला, त्यामागे हे कारण आहे. शेवटचा महिना कुणी बॅकटेस्टचा, म्हणजे जुन्या डेटावरच्या चाचणीचा, आकडा फुगवण्यासाठी खोडलेला नाही; तिथे दुसरीच शक्ती काम करते म्हणून तो सोडला जातो.

यापेक्षा बारीक वाचन करू गेल्यास काय होते, त्याचेही उदाहरण याच विषयात आहे. रॉबर्ट नोव्ही-मार्क्स यांनी 2012 साली मांडले की मोमेंटमचा जोर खरा म्हणजे बारा ते सात महिन्यांपूर्वीच्या परताव्यात आहे, अलीकडच्या सहा महिन्यांत फारसा नाही. अमेरिकेच्या आकड्यांत ते स्पष्ट दिसत होते. मग अमित गोयल आणि सुनील वहाल यांनी अमेरिकेखेरीज 37 देशांचे भाव तपासले. त्यांना तिथे या सूक्ष्म आकाराचा भक्कम पुरावा मिळाला नाही. मोमेंटमचा ढोबळ आकार मात्र देशोदेशी आणि शेअरांबाहेर बाँड, चलने, वस्तू यांच्या बाजारांतही आढळतो. क्लिफ अॅसनेस, टोबियास मॉस्कोविट्झ आणि लासे पेडरसन यांच्या 2013 च्या निबंधाचा तोच विषय आहे. त्यातही जपान हा ठळक अपवाद राहिला. ढोबळ अक्षर अनेक तुळयांवर सापडले. त्यातली वेलांटी एकाच तुळईवर होती.

हा भेद कसा करायचा, या प्रश्नावर आपल्याकडे फार जुना वाद आहे. चार्वाकांचा आक्षेप असा होता की धूर आणि अग्नी कितीदाही एकत्र पाहिले, तरी ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ असे म्हणण्याचा अधिकार मिळत नाही, कारण न पाहिलेली उदाहरणे नेहमीच उरतात. नैयायिकांनी हा आक्षेप हसण्यावारी नेला नाही. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशांनी ‘तत्त्वचिंतामणी’त मान्य केले की भूयोदर्शन, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहणे, एवढ्याने व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे अटळ साहचर्य, सिद्ध होत नाही. साहचर्य दिसायला हवे, व्यभिचार म्हणजे फारकत दिसता कामा नये, आणि शंका उरली तर तर्काने तिचे निरसन व्हायला हवे. याच परंपरेत उपाधीची, म्हणजे नियमामागे लपलेल्या अटीची, कल्पना आहे. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हेही पुष्कळ वेळा खरे ठरते. पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धुराला कारण ओले इंधन. ते लपलेले असते तोवर नियम खरा वाटतो.

फॅक्टरांच्या जगात ओले इंधन जागोजाग पडलेले आहे. छोट्या कंपन्यांचे शेअर जास्त देतात, हे रॉल्फ बांझ यांनी 1981 साली दाखवले. 1999 साली टायलर शमवे आणि व्हिन्सेंट वॉर्दर यांनी नॅस्डॅकवरचे भाव तपासले तेव्हा कळले की बाजारातून काढून टाकलेल्या कंपन्यांचे शेवटचे, बहुतेक वेळा भीषण, परतावे डेटात नव्हतेच. ते भरून काढल्यावर नॅस्डॅकवरचा आकाराचा फायदा नाहीसा झाला. आपल्याकडे आज कोणी निफ्टी 50 ची सध्याची यादी घेऊन पंधरा-वीस वर्षे मागे जाऊन चाचणी केली तर सत्यम, युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स ही एके काळी त्या यादीत असलेली नावे हिशोबातून आपोआप गळतात. असा डेटा हाती असेल, तर पॅरामीटर कितीही संयमाने निवडा. निवड सुरू होण्याआधीच इतिहास दुरुस्त झालेला असतो. संयम निवडणाऱ्याला लागू होतो, डेटाला नाही.

उपाधी वगळून जे कारण उरते, त्याची एक खूण अशी की देश बदलला की पॅरामीटरही कारणानुसार बदलतो. यूजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांच्या पद्धतीत शेअरांचे गट जूनअखेरीस पाडतात. जूनमध्ये जादू नाही. अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांचे वर्ष डिसेंबरात संपते, आणि ताळेबंद सर्वांच्या हाती पोचायला सहा महिन्यांची ढील दिली की जून येतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतल्या प्राध्यापकांनी भारतासाठी हीच आकडेवारी तयार केली तेव्हा त्यांनी सप्टेंबर घेतला, कारण आपले आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते. जो कोणी बॅकटेस्टमध्ये बारा महिने फिरवून पाहून ‘भारतात ऑगस्ट सर्वोत्तम’ असे ठरवेल, त्याच्याकडे या सप्टेंबरइतका भक्कम आकडा नसेल, भले त्याचा परतावा जास्त दिसो. उलट ज्याने मार्चचे आकडे एक एप्रिललाच वापरले, त्याने तर भविष्यकाळातून उसने घेतले.

खर्चाचेही तसेच. मोमेंटमची मुदत जितकी आखूड, तितकी खरेदी-विक्री जास्त. डिलिव्हरीच्या व्यवहाराला खरेदी आणि विक्री दोन्हीकडे 0.1 टक्का एसटीटी (रोखे व्यवहार कर), शिवाय बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर जुलै 2024 पासून 20 टक्के कर. फेरबदल किती दिवसांनी करायचा, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते. त्यासाठी इतिहास उकरायची गरज नाही.

इतक्या कसोट्या लावूनही एक अडचण उरते, आणि ती मला सर्वांत खोल वाटते. इतिहास पाहिल्याने खर्च होतो. पाठ्यपुस्तकातला उपाय असा की डेटाचे दोन भाग करावेत, पहिल्यावर पॅरामीटर ठरवावा आणि दुसऱ्यावर तपासावा. उपाय चांगला आहे, पण एकदाच वापरण्यापुरता. दुसऱ्या भागावर निकाल वाईट आला म्हणून संशोधक परत जातो, थोडी दुरुस्ती करतो, पुन्हा तपासतो. दहाव्या खेपेला जमते. तोवर दुसरा भाग पहिल्यात विलीन झालेला असतो. तुकडे पाडून आलटून पालटून तपासणे, कालक्रमाने पुढे सरकत तपासणे, शेजारच्या तारखा गाळणे, या साऱ्या पद्धती उपयोगी आहेत, पण त्या खर्च लांबवतात, टाळत नाहीत. शिवाय काही खर्च आपण चाचणी सुरू करण्याआधीच झालेला असतो. 2008 आणि 2020 मध्ये काय झाले, हे आज प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘घसरणीत आपोआप रोख रकमेकडे वळणारा’ नियम सुचतो तो याच आठवणीतून, आणि मग याच वर्षांवर तो पास होतो. अँड्र्यू गेलमन आणि एरिक लोकेन यांनी संख्याशास्त्रज्ञांना बजावले आहे की एकच चाचणी केली तरी निर्दोषत्व सिद्ध होत नाही. डेटा वेगळा दिसला असता तर आपण वेगळी चाचणी केली असती, हे पुरेसे आहे.

न खर्चलेला इतिहास दोनच ठिकाणी सापडतो. एक, ज्या काळाकडे कोणी पाहिले नव्हते तिथे. क्रिस्तोफर गेट्सी आणि मिखाइल सामोनोव्ह यांनी 1801 पासूनचे अमेरिकी भाव गोळा करून मोमेंटम तपासले आणि ते तिथेही सापडले. याउलट युहानी लिन्नाइनमा आणि मायकेल रॉबर्ट्स यांनी ताळेबंदावर आधारलेले फॅक्टर मूळ अभ्यासाच्या आधीच्या दशकांत नेऊन पाहिले, तेव्हा बहुतेक फिके पडले. दुसरे ठिकाण म्हणजे अजून न उजाडलेले दिवस. निफ्टी 200 मोमेंटम 30 हा निर्देशांक 2020 साली सुरू झाला. त्याची मालिका मात्र 1 एप्रिल 2005 पासून मोजली जाते. आलेखात रेघ अखंड असते. पहिली पंधरा वर्षे नियम ठरवताना उपलब्ध होती, पुढची नव्हती. दोहोंचे वजन सारखे धरता येत नाही. त्या निर्देशांकाच्या बांधणीत मला आवडणारी एक गोष्टही आहे. सहा महिने की बारा, या प्रश्नाला त्याने एकच विजेता निवडलेला नाही. दोन्हींचा गुणांक काढून सरासरी घेतली आहे. कळत नसेल तेव्हा सरासरी घेणे हा पळपुटेपणा वाटतो, पण त्यामागे भक्कम पुरावा आहे. व्हिक्टर द मिगेल, लोरेन्झो गार्लापी आणि रमन उप्पल यांनी 2009 साली पोर्टफोलिओची वजने काढणारी 14 प्रगत सूत्रे घेतली आणि सर्वांत सारखे पैसे वाटण्याच्या भाबड्या नियमाशी त्यांची तुलना केली. एकही सूत्र त्याला सातत्याने हरवू शकले नाही. 25 शेअरांसाठी सूत्र जिंकायचे तर सुमारे 3000 महिन्यांचा डेटा लागेल, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे अडीचशे वर्षे. पेशवाईच्या उत्तरार्धापासून रोज भाव टिपायला हवे होते.

या साऱ्यातून आकडा निवडण्याची कृती निघत असली तरी मला त्यात आधी एक आचार दिसतो. पाहण्यापूर्वी लिहून ठेवणे. कोणती कल्पना, का, कोणत्या मर्यादेत पॅरामीटर फिरवणार, आणि काय दिसले तर कल्पना सोडणार. मग केलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद, फसलेल्यांची आधी. निकाल सांगताना सर्वोत्तम आकडा न सांगता शेजाऱ्यांचा मध्य सांगणे. आणि शेवटी स्वतःच्याच आकड्यावर सूट देणे. डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पाँटिफ यांनी 2016 साली 97 प्रसिद्ध निकषांचा पाठपुरावा केला. मूळ अभ्यासाच्या काळाबाहेर त्यांचा परतावा सरासरी 26 टक्क्यांनी घटला आणि प्रसिद्धीनंतर 58 टक्क्यांनी. पहिल्या घटीत अतिवाचनाचा हात, दुसऱ्यात त्याशिवाय निबंध वाचून आलेल्या इतर गुंतवणूकदारांचाही. ज्याला बॅकटेस्टमध्ये सहा टक्के जादा दिसतात, त्याने तीनाचे स्वप्न पाहावे आणि तेही सावधपणे.

या संयमाची किंमत खरी आहे, हे मान्य करायला हवे. मध्यावरचा आकडा निवडणाऱ्याचा आलेख सभेत नेहमी शेजाऱ्याच्या आलेखापेक्षा फिका दिसतो. गुंतवणूकदाराला उंच रेघ हवी असते, आणि रेघ काढणाऱ्याचा पगार बऱ्याचदा तिच्या उंचीवर ठरतो. सावधगिरीचाही अतिरेक होतो. काहीच तपासायचे नाही असे ठरवले तर उरते ती जुनी ऐकीव समजूत, आणि तीही कोणीतरी कधीतरी डेटातूनच उचललेली असते.

तरीही हिशोब शेवटी वाईट वर्षात होतो, आणि तिथे पारडे फिरते. मार्च 2009 नंतर अमेरिकी बाजार उसळला तेव्हा सर्वांत आपटलेले शेअर सर्वांत वेगाने वर गेले आणि मोमेंटमची धूळधाण झाली. स्वस्त शेअरांच्या फॅक्टरने 2020 पर्यंतच्या दशकात आपल्या अनुयायांचा असाच अंत पाहिला. अशा वेळी प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो. हे दुर्दैव आहे, की मुळात इथे काही नव्हतेच? ज्याच्या पॅरामीटरमागे कारण आहे, त्याला त्या कारणाकडे जाऊन विचारता येते. लोक अजून बातमीला उशिराच प्रतिसाद देतात का? स्वस्त आणि महाग यांतले अंतर मिटले की वाढले? उत्तर मनाविरुद्ध आले तर तो सोडूनही देऊ शकतो, शांतपणे, आधी लिहून ठेवलेल्या अटीवर. ज्याने आकडा केवळ सर्वोत्तम ठरला म्हणून घेतला, त्याच्यापाशी विचारायला दुसरे काही नसते. तो पुन्हा डेटाकडे जातो, आणि डेटा त्याला आनंदाने नवा सर्वोत्तम आकडा देतो.